चौथ्या दिवशीची झोप

बाबा,

रविवारी मी पन्नास किलोमीटर पळाले. आज गुरुवार, तरी जिना अजून उलट्या पावलांनी उतरते आहे. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. पहिले दोन दिवस अन्नावर वासना नव्हती, काल मात्र एकटीने चार भाकऱ्या संपवल्या. आमचे प्रशिक्षक म्हणतात, पंधरा दिवस पळायचं नाव काढायचं नाही, नुसतं झोपायचं. झोपेचंही आता वेळापत्रक असतं, हे ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असतात.

तुम्ही रेल्वेत कीमन. पहाटे खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन डहाणू रोडहून घोलवडच्या बाजूला रुळांतून चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तिथे ठोकायच्या आणि तसंच चालत परत यायचं. घरी आलात की गुळाचा खडा, तांब्याभर पाणी, मग जमिनीला पाठ टेकून पाय भिंतीवर. आई आम्हाला कुजबुजत बोलायला लावायची. एकदा मी मैदानावरून येऊन धपकन बसले, तर तुम्ही पडल्या जागेवरून दरडावलंत, "एकदम बसू नको, पाय भरतील. फिर जरा." तेवढंच काय ते तुमचं शिकवणं, आणि रविवारी शर्यत संपल्यावर मी तेच केलं.

आज दुपारी तलासरीच्या ऑफिसात फायलीवर डोकं टेकून मला झोप लागली. शिपाई मावशींनी हलवलं, बरं नाही का म्हणून विचारलं. डोळे चोळायच्या आधीच मी सांगून टाकलं की पन्नास किलोमीटर पळालेय. मोबाईलमधला पदकाचा फोटोसुद्धा दाखवला. साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. तो पिताना मला शाळेतला खेळांचा दिवस आठवला.

मी सातवीत आहे, आठशे मीटरमध्ये दुसरी आलेय. तुम्ही ड्युटीवरून थेट आलात, मागच्या रांगेत बसलात, आणि माझं नाव पुकारेपर्यंत तोंड उघडं टाकून झोपी गेलात. शेजारच्या मुलीने विचारलं, "तुझे पप्पा ताडी पिऊन आले काय गं?" तुम्ही ताडीला कधी शिवला नव्हतात. पण वर्गातल्या निम्म्या जणींच्या घरी कोणी ना कोणी प्यायचं, त्यावर हसून विषय मिटला असता. रुळांतून चालून दमलेत, हे सांगायची मला जास्त लाज वाटली. मी म्हणाले, "हो, असेल." ते सरांच्या कानावर गेलं. सरांनी तुम्हाला उठवून हळू आवाजात सांगितलं, "पुढच्या वेळी असं येऊ नका." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी हातातलं प्रमाणपत्र वाचत होते. "बरं, सर," एवढंच म्हणालात. घरी जाताना माझं दप्तर तुम्हीच घेतलंत.

त्यानंतर तुम्ही शाळेत पाऊल टाकलं नाहीत. दहावीच्या सत्कारालाही आई एकटीच आली. माझ्या त्या 'हो'ची मला फार शरम वाटते, पण ती सांगायला आता तुम्ही नाही, आणि हे पत्र कुठे पाठवायचंही नाही. परवा माझ्या मुलाने विचारलं, आजोबा तुझ्या शर्यती बघायला यायचे का. लग्न ठरताना त्याच्या बाबांना जे सांगितलं होतं, तेच मी त्यालाही सांगितलं. म्हटलं, त्यांना रजाच मिळत नसे.