अर्ध्यातून परतलेलं विमान

आबा,

आठवीत असताना मी वर्गात ठोकून दिलं होतं, की माझे वडील लढाईत फायटर विमान चालवायचे. बाईंनी थेट तुम्हालाच बोलावणं धाडलं. तुम्ही इस्त्रीचा निळा शर्ट घालून आलात आणि माझ्या फुशारकीवर पाणी ओतलंत. "मी पायलट न्हवतो, पोरींनो. मी इमानाला जादा तेलाच्या टाक्या लावत हुतो." बॉम्ब टाकायला जाणारी विमानं जड, त्यांना चटकन वळता येत नाही, म्हणून सोबतीला फायटर, आणि त्याचं तेल पुरेल तिथवरच ती सोबत, हे तुम्ही फळ्यावर काढून दाखवलंत. एवढ्यावर थांबायचं की नाही! पण तुम्ही सांगत राहिलात. एकदा तुम्ही लावलेल्या टाकीतून तेल उतरेना, फायटर अर्ध्यातून परत आलं. जड विमान एकटंच पुढं गेलं, ते आलंच नाही. "चूक माझीच हुती," तुम्ही म्हणालात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन मी तुमच्यावर ओरडले, "सगळ्यांम्होरं कशाला सांगिटलासा?" तुम्ही चहा गाळत होतात. गाळणं तसंच हातात धरून म्हणालात, "पायलट लई रडला गं. त्याला म्हटलं, तेलच न्हाय तर परतायचंच की. लाज तुला न्हाय, मला हाय." तुम्ही पुढं केलेला कप मी घेतला नाही. बशी झाकून तुम्ही तो तसाच ठेवलात.

बारा-तेरा वर्षं गेली. आई नव्हतीच, म्हणून छातीच्या तपासणीला पुण्याला तुमच्याबरोबर मी येणार होते. स्टँडवर तुमची बॅग तुमच्या हातात देते आणि म्हणते, "आबा, रजा न्हाय मिळाली." तुम्ही बॅग खांद्याला लावता. "असूं दे की. रजाच न्हाय तर तू काय करणार? जा, उशीर हुईल तुला." दुसऱ्या दिवशी फोन आला. हॉस्पिटलच्या बाकावर, नंबर यायची वाट बघत असतानाच तुम्ही गेला होतात. शेजारी कोण होतं, मी विचारलं. कुणीच नव्हतं.

लोकांना मी अजून तेच सांगते, रजा मिळाली नाही म्हणून. तुमच्यासारखं चारचौघांत उभं राहून खरं बोलणं मला जमलेलं नाही, आणि हा कागदही घडी होऊन कपाटातच जाईल. आबा, रजा मंजूर झाली होती. मला हॉस्पिटलची भीती वाटत होती. मंजुरीचा कागद पर्समध्ये घेऊन मी स्टँडवरून घरी आले, आणि चहा करून प्यायले.