सावडीतली धाकटी

आई, दुपारपासून मी घरात येरझाऱ्या घालतेय. तुझी धाकटी लेक तिच्या कोपऱ्यात पितळी वाटी वाजवत बसलीय. म्हातारी झाली तरी जेवायला तिला तीच वाटी लागते.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आपल्या वाडीत लावणीची सावड असायची. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. तू धाकटीलाही त्या सावडीत बसवलंस. शेजारची काकी तिला सांभाळायची आणि तू काकीच्या चिखलात कंबर मोडेस्तोवर वाकायचीस. तिचं न बोलणं, मधेच कान झाकून किंचाळणं, सगळ्या वाडीच्या अंगवळणी पडलं होतं. आबा महाडला मास्तर. बापाच्या मनाला काय सुचलं कोण जाणे, त्यांनी सांभाळण्याचा मोबदला म्हणून काकीकडे पाटीभर भात पाठवलं. सावडीत कुणी मोबदला देतं का? काकीनं पाटी तशीच आपल्याकडे परत आणून ओट्यावर ठेवली, आणि मग वाडीत कुणीच धाकटीला घरात घेईना.

आपण महाडला भाड्याच्या खोलीत आलो. बाजाराच्या गलक्यानं ती भिंतीवर डोकं आपटायची. घरमालक कुरकुरला, डॉक्टरांनी सल्ला दिला, आबा तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवून आले. आपण भेटायला गेलो तेव्हा तिचे केस कापलेले होते आणि ती अन्नाला शिवत नव्हती. वाटी घरीच राहिली होती. तू भांडली नाहीस, रडलीही नाहीस. तिला उचललंस आणि आपण थेट वाडीवर आलो.

लावणी चालू होती. दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता, पावसात डोक्यावर इरलं घेऊन तू काकीच्या चिखलात उतरतेस. मी धाकटीला धरून बांधावर उभी. मला वाटतं, आता ही हाकलणार. काकी बराच वेळ मान खाली घालून रोपं लावत राहते. मग म्हणते, "पोरीला पावसात का ठेवलीस गो? माझ्या चुलीपाशी बसव. वाटी हाय ना तिची?"

आता माझे गुडघे गेलेत, शेतं ओस पडलीत. मुलगा म्हणतो, मावशीला संस्थेत ठेवू, हल्ली चांगल्या असतात. असतीलही. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. तुझा रागच येतो, आई. चिखलात उतरायचं बळ नसलं की दुसऱ्याच्या दारात कसं उभं राहायचं, ते तू शिकवलं नाहीस. धाकटीजवळ घटकाभर बसशील का, असं शेजारच्या सुनेला विचारायला मघाशी गेले होते. तिनं हसून विचारलं, काय हवंय आजी? मी विरजण मागितलं. घरात दही आहे.