नाड्याची चौकशी

तीर्थरूप आईस,
तुझ्या भांडकुदळ लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या बायकांच्या पोटातल्या एका दुर्मिळ गाठीचं मूळ शोधतात. या आजारात पोटात जेलीसारखा चिकट द्रव साठत जातो. पूर्वी सगळे अंडाशयालाच दोषी धरायचे. आता कळलंय, सुरुवात बहुतेकदा अपेंडिक्समध्ये होते. कोपऱ्यात गरीब गाईसारखं बसलेलं ते शेपूट! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आपल्याकडे नाही का, साखर धाकट्यानं खायची आणि धपाटे मला?

बाबांचे गुडघे काय म्हणतात?

परवा फोनवर तू म्हणालीस, परकराचा नाडा धुऊन धुऊन आटलाय, गाठच बसत नाही. आणि हल्ली अर्ध्या पोळीतच पोट भरतं, हेही तूच म्हणालीस. म्हणून मी माझा नाडा दहा वेळा धुतला, वाळवला, पट्टीनं मोजला. शेजारीण मला वेडी समजते.

आई, नाडा केसभरही आटत नाही. त्या बिचाऱ्याला सोड आणि उद्याच सोनोग्राफी करून घे.

पट्टी हातात धरून बसलेली,
तुझीच थोरली