टॉवेल कोणी टाकायचा

प्रिय ठमाबाई,

हे पत्र मुद्दाम तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतोय. हल्ली तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि चारचौघांत बोलायला मला काही सुचत नाही. इकडे माझा गुडघा कुरकुरतो, बॉक्सिंगच्या वर्गातली पोरं मला आता आजोबा म्हणतात, आणि तुझी आई माझ्या चहातली साखर रोज थोडी थोडी कमी करते. तिला वाटतं, मला कळत नाही.

सगळं बरं आहे ना, असं परवा विचारलं तर तू म्हणालीस, "बाबा, मी टॉवेल टाकणार नाही. तुमची मुलगी आहे मी." त्यानंतर मला जेवण गेलं नाही. अगं, जिच्या घरात जन्मभर रिंगमधले टॉवेल वाळत पडले, तिने तरी असं बोलू नये! इंग्रजीत 'थ्रो इन द टॉवेल' म्हणजे हार मानणं, एवढंच लोकांना ठाऊक. पण शब्द आला आमच्या खेळातून. आधी टॉवेलही नव्हता, स्पंज होता. खेळाडूचं तोंड पुसायचा तो स्पंज त्याच्या कोपऱ्यातला माणूस वर उडवायचा, की लढत थांबली. पुढे स्पंजाच्या जागी टॉवेल आला. पण तो लढणाऱ्याने टाकायचा नसतोच. त्याच्या हातात ग्लोव्ह्ज आणि डोक्यात खुमखुमी. टॉवेल असतो कोपऱ्यातल्या माणसाच्या खांद्यावर.

माझ्यासाठी माझ्या बॉक्सिंगच्या मास्तरांनी टाकला होता. डावा डोळा मिटला होता, पाय लटपटत होते, तरी मी म्हणत होतो, अजून एक फेरी. त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांच्याशी वर्षभर बोललो नाही, समोर आले की रस्ता बदलायचो. पण तो डोळा वाचला. त्याच डोळ्याने मी तुझं पहिलं पाऊल पाहिलं आणि तसाच उठून त्यांना सांगायला गेलो. म्हातारा नुसता हसला.

मागे आम्ही आलो तेव्हा भर उन्हाळ्यात तू पूर्ण बाह्यांचे कपडे घातले होतेस. प्रत्येक उत्तराआधी जावईबापूंकडे बघत होतीस. कुठे दुखतंय विचारलं, तर दार लागलं म्हणालीस. ठमे, बरगडी दुखणारा माणूस खुर्चीतून कसा उठतो, हे मला कोणी शिकवायला नको. मी ताट सारून उठणारच होतो, पण तू नजरेनेच हात जोडलेस.

सोसण्यात तू माझ्यापेक्षा वरचढ आहेस, आणि त्याचीच मला भीती वाटते. म्हणून गुरुवारी तुझं काम सुटायच्या वेळी मी आणि आई दवाखान्याच्या मागच्या दाराशी गाडी घेऊन उभे असू. घरी जाऊन काही आणू नकोस, कपडे नवे मिळतात. नाही म्हणालीस, तर शुक्रवारी येऊ, शनिवारी येऊ, येतच राहू. कोणी म्हणालं हरलीस, तर सांग, मी नाही, बाबांनी टाकला. हवं तर वर्षभर माझ्याशी बोलू नकोस. फक्त तो अबोला आपल्या घरात बसून धर.

तुझाच,
कोपऱ्यातला बाबा