घंगाळाचा पोचा

४ फेब्रुवारी २००२

आज परत तेच! आबांचा डावा हात हवेत गोल फिरतो, तोंडातून एकच — "घं... घं..." घंगाळ! अर्धं अंग लुळं पडलंय, पोटचा मुलगा डोळ्यांसमोर नाही, आणि ह्या माणसाला बक्षिसाचं भांडं हवंय! आई म्हणते, "दे गं आणून. जीव अडकलाय त्यांचा."

पारगावच्या यात्रेत आबांनी शेवटची कुस्ती मारली, तेव्हाचं तांब्याचं घंगाळ. वर नाव कोरलंय — पै. कुंडलिक. लहानपणी मला आणि भीमादादाला त्यातच बसवून आबा स्वतः अंघोळ घालायचे. तेव्हाचे आबा मला फार आवडायचे.

५ फेब्रुवारी

दादाची ती कुस्ती डोक्यातून जात नाही. समोरच्या पोराचा खांदा निखळला, तो ओरडला, तर दादाने पकड सोडली आणि सरळ आखाड्याबाहेर आला. घरी आल्यावर आबांनी हेच घंगाळ फेकून मारलं. दादाच्या कानावर! तिथून ते जात्यावर आदळलं, काठाखाली मुठीएवढा पोचा पडला. दादाचा डावा कान कायमचा गेला.

बरा झाल्यावर दादा घर सोडून पारगावला गेला, घंगाळ घेऊनच. "हे माझं बक्षीस," म्हणाला. आबांनी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. माफी तर लांबच.

८ फेब्रुवारी

दादाकडे जाऊन आले. उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होता. "घंगाळच मागितलं ना? मला न्हाई ना बोलावलं?"

खोटं बोलवेना.

घंगाळ पुढ्यात ओढून म्हणाला, "आणतो. मीच घिऊन येतो." एसटीत रडूच आलं मला.

१२ फेब्रुवारी

दादा आला! घंगाळ नुसतं झळकत होतं. जुन्नरच्या तांबटाकडून पोचा काढून आणला, वर स्वतः चिंचेने घासलं. मला म्हणाला, "शेवटचं बघत्याल, तर नीट बघू दे. माझ्या मनात आता काय न्हाई."

आबांच्या उशाशी ठेवलं. त्यांचा हात काठाखालून फिरला. परत फिरला. सगळीकडे चाचपलं. मग ढसाढसा रडले आणि भांडं ढकलून दिलं! "न्हाई... ह्ये न्हाई..."

दादाचा चेहरा बघवेना. "बघितलंस अश्विनी? अजून पसंत न्हाई मी त्यांना." चहासुद्धा न घेता, घंगाळ तिथेच टाकून गेला. आबांचा एवढा राग मला जन्मात आला नव्हता.

१३ फेब्रुवारी

आबा गेले. दादाला निरोप धाडलाय.

आई भिंतीला टेकून बसलीय. "पोचा शोधत व्हते गं ते! धडधाकट व्हते तवा रोज सांजंला जात्यापाशी बसायचे, दगडावर हात फिरवायचे. माझ्याजवळच म्हणायचे, माझ्या पोराचा कान हितं गेला. भांड्याच्या हट्टामागं हे असंल, मला उमजलंच न्हाई..."

मलाही नाही.

१४ फेब्रुवारी

काल दादा आला तेव्हा अंत्यस्नानाचं पाणी तापलं होतं. आईचं बोलणं दादाने उजवा कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं. मग घंगाळ उचललं आणि त्याच जात्यावर, त्याच जागी, जोरात आपटलं. पोचा पडला.

आबांचा गार हात धरून दादाने त्यावर ठेवला.