तिसऱ्यांदा बोलले ते

अहो,

वर्गाला जातेय असं दारातून दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा पेपरातून डोकं वर न काढता तुम्ही "बरं बरं" म्हणालात, म्हणून ही चिठ्ठी. जेवण झाकून ठेवलंय. दूध तापवायला ठेवलंत तर तिथून हलू नका.

निवृत्त मंडळींच्या त्या वर्गात मी शिवण शिकते, असं तुम्ही धरून चालला आहात. शिवण कसलं! तिथे ओठ वाचायला शिकवतात. एकाने आवाज न काढता बोलायचं, बाकीच्यांनी ओठांवरून ओळखायचं. बोलायचं काम माझ्याकडे आलंय. हसू नका.

नातीचा फोन आला की "आजीशी बोल" म्हणून तुम्ही तो माझ्या हातात देता आणि गॅलरीत जाऊन उभे राहता. मला दिसतं ते. कारखान्यातल्या यंत्रांनी कान नेले, त्यात तुमचा काय दोष? आणि हल्ली फोनवर तिचा चेहरा दिसतो की!

पुढच्या वेळी माझ्याबरोबर चला. पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवते. खिडकीकडे पाठ करून बसायचं, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर पडतो.

मघाशी दारातून तिसऱ्यांदा बोलले, ते आवाज न काढता. तेव्हा नेमकं तुम्ही वर बघितलंत आणि मान डोलावलीत. ते वर्गाबद्दल नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात मोठ्याने म्हणायला मला कधी जमलं नाही, ते होतं. इथे लिहिणारही नाही.

आधी शिका. मग पुन्हा म्हणेन.