दुसऱ्या संचालकाचं नाव

११ नोव्हेंबर, मंगळ.
मधुरा सकाळीच वाडीच्या ट्रक-अड्ड्यावर गेली. तिनं बनवलेली थंड पेटी एका छोट्या ट्रकवर बसवलीय, आत संत्री. अमरावतीला जाऊन परत यायचं, फळ कसं टिकतं ते बघायचं. ड्रायव्हर म्हणाला म्हणे, मॅडम, तुम्ही कारनं मागून या. ही कॅबिनमध्येच चढून बसली. सून ट्रकमधून हिंडते म्हणून मी दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी आली, केसांत धूळ, हातात संत्रं. 'खाऊन पाहा, आई.' दिवसभर उन्हात फिरलेलं, तरी गारेगार. राग कुठे गेला कळलं नाही.

१४ नोव्हें.
पुढच्या आठवड्यात पुण्याच्या गुंतवणूकदारांसमोर बोलायचंय. त्यांनी पैसे घातले तर कळमेश्वरची पेट्या बनवायची शेड राहील, नाहीतर संक्रांतीनंतर रिकामी करायची. म. माझ्यासमोर सराव करते. मी गुंतवणूकदार. चष्मा नाकावर ओढून विचारलं, पेटी बंद पडली तर? माल सडला तर? तुम्ही आजारी पडलात तर? सगळ्याची उत्तरं दिली तिनं. मग म्हणाली, 'आई, तुमी पण बुडायचंच विचारून राहिल्या. धंदा वाढला तर काय करशील, हे मले कोणीच काहून विचारत नाही?'
मुलींच्या शाळेत प्रश्न विचारण्यात हयात गेली माझी. तरी हा प्रश्न सुचला नव्हता.

२० नोव्हें., गुरु.
कार्यक्रमाला हट्टानं गेले, मागे बसले. तिच्या आधी एक मुलगा, शेतीचं कसलंसं ॲप. त्याला विचारलं, किती राज्यांत जाणार? तो फुलून बोलला. मग आमची. हिला: नुकसान झालं तर कोण भरणार? मूल झाल्यावर काय? मला वाटलं उठावं आणि...
म. चिडली नाही. एका वाक्यात उत्तर दिलं आणि म्हणाली, 'आता तुम्ही न विचारलेलं सांगते.' संत्र्यांनंतर भाजी, मग औषधं, विदर्भ झाला की मध्य प्रदेश. सगळे मोबाईल खाली ठेवून ऐकत होते. काय बोलते ही पोरगी! माझे डोळे भरले. शेजारची बाई बघत होती, बघू दे.

२४, सोम.
होकार आला! पण अट आहे. नवऱ्याला संचालक करा, म्हणजे आम्ही निर्धास्त. निखिल म्हणाला, नुसती सहीच तर आहे, करून टाकतो. पोरगा माझा वाईट नाही. पण कॉलेजात शिकवतो, शेडवर एकदा गेलाय, तोही पूजेला. म. नीट जेवली नाही.

२६, बुध.
म. शेडचा हिशोब घेऊन बसलेली. नाही म्हटलं तर शेड जाते, हो म्हटलं तर... सकाळी पोहे करताना मी म्हटलं, 'घरचंच माणूस पायजे ना त्यायले? माह्यं नाव टाक वं.' ती हसली. मीही हसले. मग तिचं हसू थांबलं. गॅस बंद केला तिनं.
'रोज शेडवर याल, आई? सहीपुरतं नाव मले तुमचंही नको.'
गुडघे आठवले, दुपारची झोप आठवली. येईन म्हटलं. नंतर जरा घाबरले.

२८, शुक्र.
म.नं पुण्याला मेल पाठवला. नवरा संचालक होणार नाही. दुसऱ्या संचालक सासूबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, रोज कामावर असतील. नि. म्हणाला, हे लोक सरळ नाही म्हणतील. म. म्हणाली, म्हणू देत. मेल तर गेलाच होता.
आज शेडवर पहिला दिवस. एक ट्रकमालक आला, इकडेतिकडे पाहून मला विचारलं, साहेब कुठायत? मी म.कडे बोट दाखवलं. ती पेटीखाली आडवी, हातात पाना. तो क्षणभर घुटमळला, मग तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला आणि पेटीबद्दल विचारू लागला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.
पुण्याचं उत्तर नाही अजून. उद्याचा डबा दोघींचा भरायचा.